वजन मुलाचं, पथ्य घराचं

जूनच्या सुरुवातीला गणवेशाच्या दुकानात हा प्रसंग हमखास घडतो. पाचवीतल्या मुलाला कमरेत आठवीची पँट बसते आणि खालून ती वीतभर दुमडून घ्यावी लागते. दुकानदार ‘खात्यापित्या घरचा आहे’ म्हणून विषय हसण्यावारी नेतो. घरी आल्यावर आजी निकाल देऊन टाकते, ‘उंच व्हायला लागला की आपोआप आटोपेल.’

आजीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वाढत्या मुलाला उंची हे मोठं औषध मिळालेलं असतं. आपल्याला, मोठ्यांना, ते मिळत नाही. मात्र उंची वाढत असताना वजन तिच्यापुढे पळणार नाही, एवढी तजवीज कोणीतरी करावी लागते. ती दहा वर्षांच्या मुलानं स्वतःच करावी, अशी आपली अपेक्षा असते. किराणा तो भरत नाही, फोडणीत तेल तो ओतत नाही, क्लासच्या वेळा तो ठरवत नाही. तरी ‘जरा कमी खा’ हे त्यालाच ऐकवलं जातं, तेही चारचौघांत.

आधी मोजमाप

मूल जाड आहे की नाही, हे नजरेवर सोडू नका. सुदृढ बालक स्पर्धांनी आपल्याला गुटगुटीतपणालाच तब्येत मानायची सवय लावली. त्यामुळे योग्य वजनाचं, चपळ मूल घरात काटकुळं ठरतं आणि खरोखर जड झालेलं मूल बाळसेदार. उलटही घडतं. आठवीतली मुलगी मोबाइलवरचे फोटो पाहून स्वतःला जाड समजू लागते, आणि वाढीच्या तक्त्यावर तिचं वजन अगदी मध्यावर असतं.

पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये वाढीचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. पाच वर्षांखाली जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरतात. बीएमआयचं गणित मोठ्यांसारखंच आहे: किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. पण मुलांमध्ये निव्वळ आकडा काही सांगत नाही, तो वयाप्रमाणे तक्त्यावर मांडावा लागतो. सहाव्या वर्षी १९ हा बीएमआय खूप जास्त आहे. पंधराव्या वर्षी तोच काळजीचा नाही. या तक्त्यावर दोन रेषा महत्त्वाच्या. एक प्रौढपणीच्या २३ शी जुळणारी, दुसरी २७ शी. पहिली ओलांडली की जादा वजन, दुसरी ओलांडली की लठ्ठपणा.

जगभर प्रौढांसाठी २५ आणि ३० हे आकडे चालतात, मग आपल्या मुलांना एवढं कडक माप कशासाठी? याच्या उत्तराचा मोठा भाग पुण्यातून आला आहे. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आहेत. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पुण्याकडची बाळं सगळ्याच मापांत लहान होती, स्नायू तर फारच कमी; चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. पुढे २००४ मध्ये याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्या शरीरात त्याच बीएमआयला जास्त चरबी मावते, आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची वाट त्या चरबीतून जाते.

यातून घरासाठी एक सूचना निघते. जन्मतः कमी वजनाच्या बाळाची पहिली दोन वर्षं ‘भरलं पाहिजे’ या काळजीत जातात, आणि ती काळजी रास्त असते. पण पुढे मूल तक्त्यावर नीट चालायला लागलं, तरी भरवणं थांबत नाही. पाचव्या वर्षीही ताट घेऊन त्याच्या मागे फिरणं चालू असतं. नेमकी हीच मुलं पुढे जास्त जोखमीची ठरतात.

घरी करण्याजोगी एक चाचणी आहे, सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी. मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापा, बरोबर मधून दुमडा आणि ती दुहेरी सुतळी बेंबीच्या थोडी वर, पोटाभोवती घ्या. टोकं जुळत नसतील, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून मोठी आहे, म्हणजे चरबी पोटावर साठते आहे. मग तक्ता बघायला डॉक्टरांकडे जाच. हे मापन चारचौघांत नको, भावंडांसमोर तर मुळीच नको.

थायरॉइड, मान आणि घोरणं

आईबाबांचा पहिला प्रश्न बहुधा थायरॉइडचा असतो. त्यासाठी एक साधी खूण लक्षात ठेवा. खाण्यापिण्यानं वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानानं उंच असतं. वजन वाढतंय आणि उंची मात्र रेंगाळली आहे, प्रार्थनेच्या रांगेत मागे उभं राहणारं मूल पुढे सरकत आलंय, असं असेल तर थायरॉइडची आणि इतर ग्रंथींची तपासणी व्हायलाच हवी. उंची उत्तम असेल, तर ग्रंथींचा दोष निघण्याची शक्यता फार कमी. लठ्ठ मुलांच्या रक्तात थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच किंचित वाढलेला दिसतो, तो बऱ्याचदा वजनाचाच परिणाम असतो आणि वजन आवरलं की खाली येतो. त्यावर गोळी सुरू करून ‘आता उतरेल’ म्हणून वाट पाहण्यात एखादं वर्ष सहज जातं.

दुसरी खूण मानेवर असते. मानेच्या मागची कातडी काळपट, जाडसर, मखमली दिसते, काखेतही तसंच. घरोघरी याला मळ समजून डाळीचं पीठ, लिंबू, वज्री, सगळे प्रयोग होतात आणि मुलाची मान सोलवटून निघते. हा मळ नाही. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण आहे. घासणं थांबवा आणि रक्ताची तपासणी करून घ्या.

रात्री मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडखळणं आणि दिवसा वर्गात डुलक्या, हे ‘गाढ झोपतो’ म्हणून सोडून देऊ नका. मुलगा लंगडायला लागला, मांडीत किंवा गुडघ्यात दुखतं म्हणाला, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. जड मुलांमध्ये खुब्याच्या हाडाची वाढती टोपी सरकते, दुखतं मात्र गुडघ्यात. उशीर झाला तर खुबा कायमचा बिघडू शकतो. वारंवार डोकेदुखी आणि अंधुक दिसणं, अचानक वाढलेली तहान आणि लघवी, मुलीला आठव्या वर्षाआधी छातीची वाढ दिसणं, हीही लगेच दाखवण्याची कारणं. फिट्सवरची काही औषधं आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स वजन वाढवतात. ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

मुलग्यांच्या वडिलांना एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो ते शेवटी, दाराशी उभं राहून विचारतात. पोटाखालच्या चरबीत लिंग बुडाल्यासारखं दिसतं, त्यामुळे मुलाची वाढ नीट होत नाही की काय, अशी धास्ती असते. बहुतेक वेळा वाढ व्यवस्थित असते, चरबीमुळे ती दिसत नाही एवढंच. डॉक्टर तपासून एका मिनिटात सांगू शकतात, म्हणून हा प्रश्न आधीच विचारा.

लठ्ठपणाच्या रेषेपलीकडे गेलेल्या दहा वर्षांवरच्या मुलाची साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची एक चाचणी करून घेणं योग्य ठरतं. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजला जावा, मुलाच्या दंडाला बसेल अशा पट्ट्यानं. एवढं पुरे. हजारो रुपयांचं पॅकेज लागत नाही.

उंचीचं गणित

आता आजीच्या वाक्याकडे येऊ. अकरा वर्षांचा मुलगा धरा: उंची १४० सेंटिमीटर, वजन ४८ किलो. बीएमआय साधारण २४.५, म्हणजे लठ्ठपणाच्या रेषेपलीकडे. दोन वर्षांत उंची १५२ झाली आणि वजन ४८ वरच राहिलं, तर बीएमआय २०.८ होतो. एक किलोही न घटवता मुलगा त्या रेषेखाली आला. वजन मध्ये तीन किलोंनी वाढलं असतं, तरी आकडा २२ च्या आसपास राहिला असता; दिशा बरोबरच.

म्हणून वाढत्या वयाच्या बहुतेक मुलांसाठी ‘दहा किलो कमी करायचे’ हे उद्दिष्टच चुकीचं आहे. वजन थोपवायचं किंवा सावकाश वाढू द्यायचं, बाकी उंची बघून घेते. त्यामुळे उपाशी ठेवण्याची, पोळ्या मोजण्याची, भात तोडण्याची गरज पडत नाही. ज्यांची वाढ संपत आली आहे किंवा ज्यांना मधुमेह, रक्तदाब असं काही जडलं आहे, त्यांचं वजन खरंच उतरवावं लागतं. तेही डॉक्टरांच्या नजरेखाली, आठवड्याला साधारण अर्धा किलो या वेगानं.

उंचीच्या या औषधाला मुदत आहे, हे मात्र विसरू नका. मुलींची उंची पहिल्या पाळीनंतर साधारण पाच-सात सेंटिमीटरच वाढते, आणि लठ्ठ मुलींना पाळी बहुधा लवकर येते. म्हणजे मुलीच्या बाबतीत कामाची वेळ तिसरी-चौथीची आहे. ‘दहावी होऊ दे, मग बघू’ म्हणेपर्यंत उंचीचा खजिना संपलेला असतो.

किराणाची यादी

मुलाच्या ताटाला हात लावण्याआधी महिन्याच्या किराणाची यादी काढा. घरात जे आलेलंच नाही, त्याच्यावरून रोज भांडण होत नाही. बरणीत असलेली शेव ‘खाऊ नको’ म्हणून सांगणं ही मात्र रोजची लढाई असते, आणि ती आपण हरतो.

पहिली काट पेयांवर मारा. थंड पेयांमध्ये १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच चहाचे चमचे. आंब्याच्या पॅकबंद पेयात बहुधा त्याहून जास्त. प्यायलेल्या साखरेनं पोट भरत नाही, त्यामुळे पुढचं जेवण तेवढंच होतं. घरी काढलेला फळांचा रसही रोज नको. चार मोसंब्यांचा रस मूल दोन मिनिटांत पितं, चार मोसंबी सोलून खाऊन दाखवा म्हणावं. तहानेला पाणी, जेवणासोबत पातळ ताक, उन्हाळ्यात साखर बेतानं घातलेलं कोकम किंवा लिंबू सरबत, तेही कधीतरी.

दुधात घालायच्या पावडरी हा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा हळवा कोपरा आहे. उंची वाढेल, बुद्धी तल्लख होईल, या जाहिरातींवर दोन पिढ्या वाढल्या. डब्याच्या मागचा तक्ता वाचा. अशा अनेक पावडरींमध्ये साखरच मोठा घटक असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं. दूध दिवसाला दोन कप पुरतं. ते साधं द्या, चवीला वेलची किंवा हळद घाला. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३. दोन वर्षांपुढच्या जड मुलाच्या घरात दुसरं आणावं, आणि साय काढून तिचं तूप मुलालाच वाढू नये.

मग बिस्किटं. कोणत्याही ग्लुकोज बिस्किटाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास कॅलरी दिसतील. सकाळी चहात बुडवून चार, शाळेतून आल्यावर सहा, झोपताना दुधाबरोबर दोन: आईला विचारलं तर ती म्हणते, ‘काही खातच नाही हो, नुसती बिस्किटं.’ खारी, टोस्ट, रस्क यांची गोष्ट तीच. ‘मल्टिग्रेन’ आणि ‘डायजेस्टिव्ह’ या शब्दांना भुलू नका. साखर सोडून गूळ, मध, खडीसाखर सुरू केली म्हणून हिशेबात फरक पडत नाही.

तेलाचा हिशेब सोपा आहे. माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात दोन लिटर, त्यात तळणही आलं. एक तारखेला तेवढंच काढून वेगळं ठेवा आणि वीस तारखेला किती उरलंय ते बघा. बहुतेक घरांत पहिल्या महिन्यात धक्का बसतो. भाजीत तेलाचा तवंग आला नाही तर पाहुण्यांसमोर लाज वाटते, हा आपला जुना रोग. तो आधी बरा करावा लागेल.

ताटाबद्दल माझी एक तक्रार आहे. मराठी ताट मुळात उत्तम, पण त्यातली भाजी आता कडेला टेकवलेली चमचाभर उरली आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार निम्मं ताट भाज्या आणि फळांचं हवं. बटाटा भाजीत धरू नका. उसळ, घट्ट वरण, अंडं, मासे, दही यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असलं की भूक लांबते आणि दोन तासांनी फ्रिज उघडला जात नाही. जेवणाची सुरुवात काकडी-टोमॅटो-गाजर किंवा कोशिंबिरीनं करा, तीही स्वयंपाक चालू असतानाच, कारण तेव्हा मूल भुकेलेलं असतं आणि समोर असेल ते खातं. पहिल्या वेळी कमी वाढा. मागितलं तर परत वाढा. पण ‘ताट चाटून पुसून स्वच्छ’ करायची सक्ती सोडा. टंचाई पाहिलेल्या पिढीचा तो संस्कार मोलाचा आहे. तो पाळायचा असेल तर वाढतानाच हात आखडावा. काय आणि केव्हा शिजेल हे मोठ्यांनी ठरवावं, त्यातलं किती खायचं हे मुलाच्या पोटाला ठरवू द्यावं.

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळी पाच ते साडेसातची. मूल शाळेतून येतं, आईबाबा कामावर असतात, भूक कडकडून लागलेली असते आणि कपाटात नूडल्सचं पाकीट असतं. दिवसभराचं सारं पथ्य या अडीच तासांत मोडतं. त्या वेळेसाठी खरं खाणं तयार ठेवा: सकाळच्या पोळीत गुंडाळलेली उसळ, उकडलेलं अंडं, मटार-शेंगदाणे भरपूर घातलेले पोहे, फुटाणे, चिरून डब्यात ठेवलेलं फळ. नाचणीची आंबील किंवा थालीपीठही उत्तम. थालीपिठावर लोण्याचा गोळा मात्र शेंगदाण्याएवढा. शाळेच्या डब्यात तळलेलं आठवड्यातून एकदाच. साबुदाण्याची खिचडी उपवासाची म्हणून हलकी, हा समज तर कायमचा टाकून द्यावा.

घरात एक मूल जाड आणि एक बारीक असेल, तर दोन स्वयंपाक करू नका. धाकट्याला चीजचं सँडविच आणि थोरल्याला उकडलेलं पडवळ, यातून फक्त चोरून खाणं शिकवलं जातं. बारीक मुलालाही बरणीतल्या शेवेची गरज नसते. बाबांचा रात्रीचा चिवडाही याच नियमात आला.

आजी-आजोबांशी लढाई करू नका, ती तुम्ही हराल. त्यांचा जीव खाण्यातून बोलतो. त्यांना दुसरं काम द्या: नातवाला बागेत नेणं, मंडईत भाजी निवडायला शिकवणं. आणि आठवड्यातला एक दिवस त्यांच्या हातच्या खाऊचा ठेवा, ठरलेला.

सणांबद्दल मी मवाळ आहे. गणपतीत उकडीचे दोन मोदक, वर तूप, मुलानं आनंदानं खावेत. अडचण मोदकांची नसते, दहा दिवस फ्रिजमध्ये साठत गेलेल्या पेढ्यांच्या खोक्यांची असते. दिवाळीचा फराळ चार दिवस खावा. तुळशीच्या लग्नानंतरही डबे भरलेले राहतील इतका करू नये.

मैदान, झोप, पडदा

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. ती सलग असायला हवी असं नाही. पण जड मुलाला थेट धावायला लावू नका. लंगडी, पकडापकडी, खो-खो यांत तो पहिल्या मिनिटाला बाद होतो, आणि उरलेला तास कडेला बसून बघतो. व्यायाम तर झालाच नाही, वर अपमान झाला. त्याला असे खेळ द्या जिथे त्याचं वजन उपयोगी पडतं: कबड्डीत पकड, कुस्ती, ज्युदो, गोळाफेक. पोहण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. सायकल चांगली. दोरीवरच्या उड्या सुरुवातीला टाळा. मुंबई-ठाण्याच्या इमारतींत मैदान नसेल तर जिने, गाणी लावून नाच आणि शाळेपर्यंत चालत जाणं हेच मैदान. आईबाबांपैकी एक जण सोबत चालला, तर महिनाभरानंतरही क्रम टिकतो. मुलाला एकट्याला पाठवलं तर आठवड्यात मोडतो.

मुलींचं खेळणं पाळी सुरू झाली की गुपचूप बंद होतं. कोणी मनाई करत नाही, पण क्लास वाढतो, अंधार पडतो, कपड्यांची अडचण होते. चांगल्या मापाची स्पोर्ट्स ब्रा, पाळीत वापरायला सोयीचं साधन आणि मैदानावरून घरी आणायची व्यवस्था, या तीन गोष्टी केल्या तर बऱ्याच मुली खेळत राहतात.

झोप कमी पडली की भूक वाढते, विशेषतः गोड आणि तळलेल्याची. सहा ते बारा वर्षांना रोज नऊ ते बारा तास, तेरा ते अठराला आठ ते दहा तास झोप हवी. सकाळी सातची शाळा आणि रात्री साडेनऊला क्लासहून परत, यात ती कशी बसणार? राज्य सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते मुलांच्या अपुऱ्या झोपेचाच विचार करून. तुमच्या हातात एवढं आहे: झोपायच्या खोलीत मोबाइल नको आणि जेवताना पडदा नको, तुमचाही नको. पडद्यासमोर मूल किती जेवलं हे त्याला कळत नाही.

आठवीनंतर

किशोरवयात घराचा अंमल निम्मा उरतो. पैसे खिशात असतात, मित्र वडापावच्या गाडीवर असतात आणि ऑर्डर मोबाइलवर देता येते. इथे हुकूम चालत नाहीत. मुलालाच विचारा, यातलं काय बदलणं तुला जमेल? एक गोष्ट तो निवडेल, तीच धरा. रोजच्या थंड पेयाऐवजी आठवड्याला एक, इतकी छोटी गोष्टही चालेल.

घरात वजनाबद्दल बोलणं जितकं कमी तितकं बरं. ‘जाड्या’, ‘ढोल्या’, ‘गोलू’ ही लाडाची नावं आजच बंद करा, मामाकाकांनाही सांगा. चिडवलेली मुलं बारीक होत नाहीत. ती लपून खातात, मैदानावर जाणं टाळतात, शाळेच्या सहलीला पोट दुखतं म्हणतात. बोलायचंच तर दमाबद्दल बोला, झोपेबद्दल, गुडघेदुखीबद्दल. आणि आई स्वतः आरशासमोर ‘किती सुटलेय मी’ म्हणत असेल, तर मुलगी ते मनात नोंदवत असते.

मुलगी अचानक जेवण टाळायला लागली, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाते, वजन भराभर उतरतंय आणि सगळे कौतुक करताहेत, अशा वेळी कौतुक थांबवा आणि डॉक्टर गाठा. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसेल, हनुवटीवर केस येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथेही उपचाराचा पाया खाणं आणि हालचाल हाच असतो.

सोळा तासांचा उपास, कीटो, जिममधल्या दादानं दिलेली प्रोटीन पावडर, महिन्यात दहा किलोंची हमी देणारा शेक, यातलं काहीही अठराखालच्या मुलासाठी नाही. बारा वर्षांवरच्या मुलांमध्ये वजनावरची काही औषधं जगात वापरली जातात, तीव्र लठ्ठपणात शस्त्रक्रियाही होते. तो निर्णय मुलांच्या ग्रंथिविकारतज्ज्ञांनी घ्यायचा. त्या औषधांची चौकशी मेडिकलच्या दुकानात करू नका.

शाळेकडून मागायच्या गोष्टी

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालक-शिक्षक संघाच्या सभेत हा नियम कागदावर घेऊन जा. पुष्कळ मुख्याध्यापकांना तो हवाच असतो, मागणी करणारे पालक हवे असतात. वाढदिवसाला चॉकलेटांऐवजी पेन्सिल किंवा वर्गाच्या वाचनालयाला एक पुस्तक, हा ठराव एका सभेत होतो. खेळाचा तास गणिताला देणं बंद करा, हेही त्याच सभेत मागा. शाळेत होणाऱ्या आरोग्य तपासणीत उंची-वजन लिहिलं जातं. तो कागद मागून घ्या.

शेवटी पाठपुराव्याचं: पहिले तीन महिने डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जा, मग दर तीन महिन्यांनी. वजन तिथेच होऊ द्या. घरचा काटा माळ्यावर टाका, कारण रोजचा आकडा पाण्यानं आणि बद्धकोष्ठानंही हलतो आणि घराचा सूर त्याच्याबरोबर हलतो. पहिल्या भेटीला तीन साध्या दिवसांच्या खाण्याची नोंद न्या, त्यातला एक रविवार असू द्या, आणि नोंद फक्त मुलाची नको, सगळ्यांची करा. सहा महिने सगळं करूनही बीएमआयची रेषा वरच जात असेल, तर आहारतज्ज्ञ आणि ग्रंथिविकारतज्ज्ञ जिथे एकत्र मिळतील अशा ठिकाणी दाखवा. बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय असते. जाताना लसीकरणाचं कार्ड आणि शाळेच्या तपासण्यांचे जुने कागद बरोबर ठेवा. वजन नेमकं कोणत्या वर्षी उंचीला मागे टाकून निघालं हे त्यांवरून दिसतं, आणि त्या वर्षी घरात काय बदललं होतं, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल.